पाचगणीचा फारुख, ‘क्वीन’चा फ्रेडी

पाटण : रॉक संगीताचा विषय निघाला की लंडन, लिव्हरपूल, न्यूयॉर्क अशी नावे पुढे येतात. सातारा जिल्ह्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. वास्तविक, विसाव्या शतकातील सर्वाधिक प्रभावी रॉक गायकांपैकी एकाचे सुमारे आठ वर्षांचे शालेय जीवन याच जिल्ह्यात गेले. ‘क्वीन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, पियानो शिकला आणि आयुष्यातील पहिला वाद्यवृंदही त्याने तेथेच मित्रांसह उभा केला.

‘क्वीन’च्या चाहत्यांत तीन वाद कायम रंगतात. सर्वोत्तम अल्बम कोणता, हा पहिला. फ्रेडीवरील कोणत्या पुस्तकावर विश्वास ठेवावा, हा दुसरा. फ्रेडी कितपत भारतीय होता, हा तिसरा. यातील तिसऱ्या वादाचे मूळ पाचगणीत असल्याने या तिन्ही प्रश्नांचा परामर्श येथे घेतला आहे.

तेव्हाचा उत्तर सातारा

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणाऱ्या नद्यांपैकी कोयना पाटणवरून वाहत जाऊन कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. कृष्णेच्या खोऱ्यावर पाचगणीचे पठार उभे आहे. वाईहून पसरणीचा घाट चढला की बारा-तेरा किलोमीटरवर पाचगणी येते. इंग्रज राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन यांच्या पुढाकाराने हे गाव थंड हवेचे ठिकाण म्हणून वसले. महाबळेश्वरच्या तुलनेत येथे पाऊस कमी आणि हवा कोरडी. त्यामुळे निवासी शाळा आणि आरोग्यधामे या दोन्ही गोष्टी पाचगणीत रुजल्या. मुंबईच्या पारशी समाजाने येथे बंगले बांधले, शाळा काढल्या आणि रुग्णालय उभारले. एका पारशी कुटुंबाने समुद्रापलीकडून आपला मुलगा येथे धाडावा, यात म्हणूनच नवल नव्हते.

हा मुलगा पाचगणीत आला तेव्हा महाराष्ट्र राज्य अस्तित्वात नव्हते. जिल्ह्याचे नाव उत्तर सातारा होते आणि आजचा सांगली जिल्हा दक्षिण सातारा म्हणून ओळखला जात होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी दोन्ही जिल्ह्यांना आजची नावे मिळाली. पाटण तालुक्यात कोयना धरणाचे काम सुरू होते ते याच काळात. पसरणी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पसरणी गावात १९२३ मध्ये जन्मलेले शाहीर साबळे या सुमारास आपल्या पोवाड्यांनी आणि लोकगीतांनी मुंबई गाजवत होते. घाटाच्या पायथ्याचा शाहीर आणि घाटमाथ्यावरचा रॉक गायक यांची भेट झाल्याची कोठे नोंद नाही. पण एकाच घाटाच्या दोन टोकांशी दोन इतक्या वेगळ्या संगीतपरंपरांचे धागे जोडलेले आहेत, हे जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे.

झांझिबार ते पाचगणी

फ्रेडीचे मूळ नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावरील स्टोन टाउन येथे झाला. कुटुंब मूळचे गुजरातमधील बलसाड ऊर्फ वलसाडचे. बलसारा हे आडनाव त्या गावावरूनच आले आहे. वडील बोमी ब्रिटिश प्रशासनात रोखपाल होते. आईचे नाव जेर, धाकट्या बहिणीचे कश्मिरा.

वयाच्या आठव्या वर्षी, १९५४-५५ च्या सुमारास, फारुखला बोटीने मुंबईला आणि तेथून पाचगणीला पाठविण्यात आले. तो नेमका कोणत्या वर्षी शाळेत दाखल झाला याबाबत पुस्तकांत एकवाक्यता नाही. काही लेखक १९५४ म्हणतात, काही १९५५. झांझिबार आणि मुंबई यांतील प्रवास समुद्रमार्गाचा असल्याने प्रत्येक सुटीत घरी जाणे शक्य नव्हते. काही सुट्या मुंबईत मावशी आणि आजीकडे जात.

सेंट पीटर्स ही इंग्रजी पब्लिक स्कूलच्या धर्तीवर चालणारी मुलांची निवासी शाळा. ‘फारुख’चे ‘फ्रेडी’ झाले ते येथेच. जबड्यात चार दात अधिक असल्याने पुढचे दात बाहेर आलेले होते आणि त्यावरून सवंगडी चिडवीत. पुढे जगभर कीर्ती मिळाल्यावरही त्याने दातांवर उपचार करून घेतले नाहीत. खेळांत टेबल टेनिसमध्ये तो अव्वल होता आणि मुष्टियुद्धही खेळत असे. १९५८ मध्ये कनिष्ठ गटातील अष्टपैलू विद्यार्थी म्हणून त्याचा शाळेत गौरव झाला.

त्याचा संगीताकडील ओढा ओळखून शाळेत पियानोची शिकवणी लावण्यात आली. प्रात्यक्षिक आणि शास्त्र या दोन्ही अंगांनी त्याने चौथ्या श्रेणीपर्यंत परीक्षा दिल्या. एकदा ऐकलेली चाल तो लगेच पियानोवर उतरवीत असे, अशी आठवण त्याच्या सहाध्यायांनी अनेक ठिकाणी सांगितली आहे.

‘द हेक्टिक्स’चे पाच जण

१९५८ च्या सुमारास शाळेतील पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. ब्रूस मरे गात असे, डेरिक ब्रांच गिटारवर, फरांग इराणी बासवर आणि व्हिक्टरी राणा ड्रमवर. फ्रेडी पियानो वाजवी आणि गाण्यात साथ देई. मुख्य गायक तो नव्हता, हा तपशील अनेकांना अनपेक्षित वाटतो. क्लिफ रिचर्ड, एल्व्हिस प्रेस्ली, फॅट्स डॉमिनो, लिटल रिचर्ड यांची गाणी हे पाच जण शाळेच्या कार्यक्रमांत वाजवीत.

या पाचही जणांचे पुढील आयुष्य निरनिराळ्या वाटांनी गेले. व्हिक्टरी राणा नेपाळच्या लष्करात लेफ्टनंट जनरल झाले आणि सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नेतृत्व त्यांनी केले. डेरिक ब्रांच ब्रिटनमध्ये अभिनेते म्हणून ओळखले गेले. फरांग इराणी यांनी पुण्यात उपाहारगृह चालविले.

पन्नासच्या दशकातील डोंगरावरच्या शाळेत अमेरिकन रॉक अँड रोल पोचले कसे, याचे उत्तर बव्हंशी रेडिओत आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर केंद्रीय नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळपास हद्दपार झाले. ती पोकळी रेडिओ सिलोनने भरून काढली. हिंदी गाण्यांच्या ‘बिनाका गीतमाले’ने इतिहास घडविला. त्याच केंद्रावरून इंग्रजी लोकप्रिय गाणीही लागत आणि भारतभरच्या इंग्रजी शाळांतील मुले ती कान देऊन ऐकत. आकाशवाणीने मागणी ओळखून ‘विविध भारती’ सुरू केली ती १९५७ मध्ये. फ्रेडीच्या कानावर पाश्चात्त्य गाण्यांबरोबर हिंदी चित्रपटगीतेही पडत होती. लता मंगेशकर यांचा आवाज त्याला आवडत असे, असे त्याच्या चरित्रांत नमूद आहे.

अभ्यासात मात्र त्याची पीछेहाट झाली. शालान्त परीक्षेपर्यंत तो पोचू शकला नाही आणि १९६३ च्या सुरुवातीला झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली, अरब आणि भारतीय वंशाचे हजारो लोक मारले गेले किंवा परागंदा झाले. बलसारा कुटुंबाने इंग्लंडची वाट धरली आणि लंडनच्या पश्चिमेस फेल्टम येथे बिऱ्हाड केले. म्हणजे सतरा-अठराव्या वर्षापर्यंत या मुलाचे दोनदा स्थलांतर झाले होते. एकदा शिक्षणासाठी आणि एकदा जीव वाचविण्यासाठी.

‘क्वीन’ची घडण

लंडनमध्ये फ्रेडीने ईलिंग कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये ग्राफिक कला व रचना या विषयाची पदविका मिळविली. ‘स्माइल’ नावाच्या वाद्यवृंदात गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर होते. त्यांचा गायक टिम स्टाफेल बाहेर पडल्यावर १९७० मध्ये फ्रेडी त्यांना मिळाला. ‘क्वीन’ हे नाव त्याने सुचविले आणि स्वतःचे आडनाव ‘मर्क्युरी’ केले. १९७१ मध्ये बासवादक जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली.

वाद्यवृंदाचे बोधचिन्हही फ्रेडीनेच रेखाटले. टेलर व डीकन यांच्या सिंह राशीचे दोन सिंह, मे यांच्या कर्क राशीचा खेकडा, स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या आणि या सर्वांवर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी असे ते चिन्ह आहे. अभ्यासकांच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. चौघेही गीते रचीत आणि चौघांच्याही रचना गाजल्या. एकच माणूस लिहितो आणि बाकीचे वाजवितात, असा प्रकार येथे नव्हता. ब्रायन मे यांची गिटार त्यांनी वडिलांच्या मदतीने घरी, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून तयार केली होती. याच मे यांनी अर्धवट राहिलेले संशोधन पूर्ण करून २००७ मध्ये खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळविली.

कोणता अल्बम श्रेष्ठ?

फ्रेडीचा आवाज असलेले ‘क्वीन’चे स्टुडिओ अल्बम पंधरा. पहिला ‘क्वीन’ १९७३ चा आणि शेवटचा, मरणोत्तर प्रसिद्ध झालेला ‘मेड इन हेवन’ १९९५ चा. यांतील श्रेष्ठ कोणता, यावर चाहत्यांचे सरळ तीन तट पडतात.

पहिला तट ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ या १९७५ च्या अल्बमच्या बाजूचा. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे सुमारे सहा मिनिटांचे गाणे यातीलच. ध्रुवपद नाही, मध्येच ऑपेरा आणि शेवटी कडक रॉक, अशी त्याची बांधणी. एवढे लांब गाणे रेडिओवर कोणी लावणार नाही, असे जाणकार सांगत होते. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि फ्रेडीच्या मृत्यूनंतर पुन्हा पाच आठवडे. ऑपेराचा भाग मे, टेलर आणि मर्क्युरी या तिघांच्याच आवाजांचे थरावर थर चढवून तयार झाला. तेव्हा संगणक नव्हते. चोवीस पट्ट्यांच्या फितीवर पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रण करून ती फीत झिजेपर्यंत हे काम चालले. याच अल्बमवर डीकन यांचे हलकेफुलके प्रेमगीत आहे आणि अंतराळप्रवासावरील मे यांचे लोकगीताच्या ढंगाचे गाणेही आहे. विविधता हा निकष लावला तर या अल्बमला तोड नाही.

दुसरा तट जुन्याजाणत्यांचा. त्यांचे मत ‘क्वीन टू’ या १९७४ च्या अल्बमला. तबकडीच्या दोन बाजूंना ‘पहिली’ आणि ‘दुसरी’ न म्हणता ‘पांढरी’ आणि ‘काळी’ म्हटले होते. पांढरी बाजू मुख्यतः मे यांची, काळी पूर्णतः फ्रेडीची. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त जे फळाला आले त्याचे बीज या काळ्या बाजूत आहे, असा या तटाचा युक्तिवाद असतो आणि तो दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकल्यास पटण्याजोगा आहे. छायाचित्रकार मिक रॉक यांनी टिपलेले, काळोखातून उजळलेल्या चार चेहऱ्यांचे प्रसिद्ध चित्र याच अल्बमच्या मुखपृष्ठावरचे.

तिसरा तट १९७७ च्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चा. क्रिकेट असो वा कबड्डी, सामना जिंकल्यावर मैदानावर हमखास वाजणारी दोन गाणी, ‘वी विल रॉक यू’ आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’, या अल्बमची. १९७७ मध्ये एका कार्यक्रमानंतर श्रोतेच एकसुराने गाऊ लागले आणि त्यावरून श्रोत्यांना सामावून घेणारी गाणी रचण्याची कल्पना पुढे आली. पहिल्या गाण्यातील पायांचा ठेका आणि टाळी मूठभर माणसांनी फळ्यांवर वाजविली आहे. हजारोंचा समुदाय वाजवीत असल्याचा भास निर्माण करण्यासाठी मे यांनी आपले भौतिकशास्त्र वापरले. प्रतिध्वनी अशा अविभाज्य अंतरांनी टाकले, की ते एकमेकांत मिसळून विरूप होणार नाहीत.

वादाचा खरा विषय ठरतो तो १९८२ चा ‘हॉट स्पेस’. सुरुवातीच्या अल्बमांवर ‘सिंथेसायझर वापरलेला नाही’ अशी सूचना अभिमानाने छापणाऱ्या या वाद्यवृंदाने १९८० च्या ‘द गेम’मध्ये ते वाद्य प्रथम वापरले आणि ‘हॉट स्पेस’मध्ये थेट डिस्कोची वाट धरली. अनेक चाहते तेव्हा दुखावले. मात्र डेव्हिड बोवी यांच्यासह गायिलेले ‘अंडर प्रेशर’ याच अल्बमवर आहे, हे विरोधकांनाही मान्य करावे लागते.

नव्याने ऐकू पाहणाऱ्याने १९८१ च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’पासून सुरुवात करावी, मग ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ आणि ‘क्वीन टू’ ऐकावेत आणि शेवटी १९९१ चा ‘इन्युएंडो’. ब्रिटनमध्ये सत्तर लाख विक्रीचा टप्पा गाठणारा पहिला अल्बम ‘ग्रेटेस्ट हिट्स’च ठरला. ही नोंद २०२२ मधील.

आवाज आणि रंगमंच

फ्रेडीचा आवाज चार सप्तकांचा होता, असे विधान सर्रास केले जाते. २०१६ मध्ये युरोपीय ध्वनिशास्त्रज्ञांच्या एका गटाने त्याची ध्वनिमुद्रणे आणि मुलाखती तपासल्या. चार सप्तकांच्या दाव्याला त्यांना पुरावा आढळला नाही. बोलण्याच्या पट्टीवरून तो मुळात मध्यम-खर्जातील, म्हणजे बॅरिटोन आवाजाचा असावा, असे त्यांनी नोंदविले. वेगळेपण होते ते आवाजाच्या कंपनात. ते नेहमीच्या गायकांपेक्षा वेगवान आणि अनियमित होते.

१३ जुलै १९८५ रोजी आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात लंडनच्या वेंब्ले मैदानावर ‘क्वीन’ने जेमतेम वीस-एकवीस मिनिटे गायन केले. सत्तर हजारांहून अधिक श्रोत्यांना फ्रेडीने केवळ आवाजाच्या चढउतारांनी आपल्यामागे गायला लावले. रॉक संगीतातील सर्वोत्तम प्रत्यक्ष सादरीकरण म्हणून या वीस मिनिटांचा आजही उल्लेख होतो. चौघांचा अखेरचा कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे झाला. भारतात मात्र फ्रेडीसह ‘क्वीन’चा कार्यक्रम कधीच झाला नाही.

आजार, मौन आणि पाचगणी

एड्स झाल्याचे फ्रेडीने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी निवेदनाद्वारे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, वयाच्या ४५ व्या वर्षी त्याचे निधन झाले. ‘इन्युएंडो’ आणि ‘मेड इन हेवन’मधील अनेक गाणी आजाराने खंगलेल्या अवस्थेत गायिलेली आहेत. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. पुढच्या वर्षी, २० एप्रिल १९९२ रोजी वेंब्लेवर त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला आणि त्या निमित्ताने एड्सविरोधी कार्याला साह्य करणारा ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला.

हा विषय सातारा-सांगलीला परका नाही. दक्षिण महाराष्ट्रातील जिल्ह्यांनी १९९० च्या दशकात या रोगाचा मोठा फटका सोसला. १९९२ मध्येच सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था सुरू झाली आणि तिने वेश्याव्यवसायातील महिलांबरोबर एचआयव्ही प्रतिबंधाचे काम उभारले. पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी स्थापन केलेले ‘बेल एअर’ आरोग्यधाम पुढे रेडक्रॉसकडे आले आणि कालांतराने एचआयव्हीबाधितांच्या उपचारांचे महत्त्वाचे केंद्र बनले. ज्या गावात फ्रेडी पियानो शिकला, त्याच गावात तो ज्या रोगाने गेला त्याच्या रुग्णांना आधार मिळाला.

काळाचा फरक येथे ध्यानात घ्यावा लागतो. रोगाला रोखणारी प्रभावी संयुक्त औषधयोजना १९९६ च्या सुमारास उपलब्ध झाली. फ्रेडी त्याआधी पाच वर्षे गेला. भारतात सरकारी रुग्णालयांतून ही औषधे मोफत देण्यास एप्रिल २००४ मध्ये प्रारंभ झाला आणि पहिल्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. आज नियमित औषधे घेणारा बाधित माणूस दीर्घकाळ कामधंदा करीत जगू शकतो. लांछनाच्या भीतीने तपासणी आणि उपचार टाळणे हेच आता सर्वांत घातक आहे.

फ्रेडीचे मौन केवळ आजारापुरते नव्हते. लैंगिकतेबाबतही तो उघडपणे फारसे बोलला नाही. ब्रिटिश वृत्तपत्रे तेव्हा अशा विषयांवर किती क्रूरपणे लिहीत, हे पाहता ते समजण्याजोगे आहे. भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या कलम ३७७ मधील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरविली. फ्रेडीच्या मृत्यूला तोवर सत्तावीस वर्षे होत आली होती.

पुस्तके कोणती?

फ्रेडी आणि ‘क्वीन’वरील इंग्रजी पुस्तकांची संख्या मोठी आहे. ती एकाच तराजूत तोलता येत नाहीत. जॅकी गन आणि जिम जेनकिन्स यांचे ‘अॅज इट बिगन’ हे १९९२ चे पुस्तक वाद्यवृंदाच्या सहकार्याने लिहिलेले. त्यामुळे घटनाक्रम भरवशाचा, पण टीका कमी. मार्क ब्लेक यांचे ‘इज धिस द रिअल लाइफ?’ २०१० चे. चौघांकडेही समान लक्ष देणारे आणि पत्रकाराच्या शिस्तीने लिहिलेले हे पुस्तक अल्बमांच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते.

लेस्ली-अॅन जोन्स यांचे चरित्र प्रथम १९९७ मध्ये आले आणि पुढे विस्तारित रूपात निघाले. झांझिबार आणि पाचगणीचा काळ समजून घेऊ इच्छिणाऱ्याने ते जरूर चाळावे. जिम हटन यांचे ‘मर्क्युरी अँड मी’ १९९४ चे. हटन हे फ्रेडीच्या अखेरच्या वर्षांतील जोडीदार. घरातील साध्यासुध्या गोष्टी, मांजरांचे लाड, बागकाम आणि शेवटचे आजारपण यांचा प्रत्यक्ष साक्षीदाराचा हा वृत्तान्त आहे. सहायक पीटर फ्रीस्टोन यांच्या आठवणीही त्याच जातीच्या. ग्रेग ब्रुक्स आणि सायमन लप्टन यांनी फ्रेडीच्या मुलाखतींतून संकलित केलेले ‘अ लाइफ, इन हिज ओन वर्ड्स’ हे २००६ चे पुस्तक त्याच्याच शब्दांत त्याला भेटविते. ब्रायन मे यांच्या २०१७ च्या ‘क्वीन इन थ्री-डी’मध्ये त्यांनी स्वतः काढलेली त्रिमितीय छायाचित्रे आहेत.

वाचताना एक कसोटी लावावी. लेखक प्रत्यक्ष साक्षीदार आहे, वाद्यवृंदाच्या संमतीने लिहिणारा आहे की बाहेरून शोध घेणारा पत्रकार आहे, हे आधी पाहावे. तिघांच्या मर्यादा वेगळ्या आणि तिघांची उपयुक्तताही वेगळी. पाचगणीचा भाग मात्र बहुतेक पुस्तकांत थोडक्यात उरकलेला आढळतो. सहाध्यायांच्या अनेक दशकांनंतरच्या आठवणी हाच त्याचा मुख्य आधार आहे.

चित्रपटातील आणि वास्तवातील

२०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटामुळे नवी पिढी ‘क्वीन’कडे वळली. फ्रेडीच्या भूमिकेसाठी रामी मलेक यांना ऑस्कर मिळाले आणि चित्रपटाने एकूण चार ऑस्कर पटकाविले. तो इतिहास म्हणून पाहिल्यास मात्र फसगत होते. आजाराचे निदान चित्रपटात ‘लाइव्ह एड’पूर्वी झालेले दाखविले आहे, तर हटन यांच्या पुस्तकानुसार ते १९८७ चे. ‘लाइव्ह एड’पूर्वी वाद्यवृंद फुटला होता, असे चित्रपट सुचवितो. प्रत्यक्षात ‘क्वीन’चा दौरा मे १९८५ पर्यंत चालू होता. स्वतंत्र अल्बम काढल्याचे खापर फ्रेडीवर फोडले आहे, तर रॉजर टेलर यांचा स्वतंत्र अल्बम १९८१ मध्येच निघाला होता. पाचगणीच्या आठ वर्षांना आणि ‘द हेक्टिक्स’ला तर पडद्यावर स्थानच नाही.

भारतीय की ब्रिटिश?

फ्रेडी मुलाखतींत भारताविषयी क्वचितच बोलला. सत्तरच्या दशकातील ब्रिटनमध्ये आशियाई स्थलांतरितांविरुद्ध उघड द्वेष होता. अशा वातावरणात रॉक गायकाने आपले मूळ मिरविले नाही, तर त्याला दोष देता येणार नाही. दुसरीकडे, त्याच्या गाण्यांत ओढूनताणून भारत शोधणेही योग्य नाही. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तील ‘बिस्मिल्ला’ हा शब्द किंवा १९७८ च्या ‘जॅझ’मधील ‘मुस्तफा’ या गाण्याचा अरबी ढंग यांचे नाते पाचगणीपेक्षा झांझिबारच्या मुस्लिमबहुल परिसराशी अधिक जवळचे वाटते.

पाचगणीने त्याला दिले ते वेगळे होते. पियानोची शास्त्रशुद्ध बैठक, समूहात वाजविण्याची पहिली सवय, रंगमंचाची पहिली ओळख आणि आईवडिलांपासून दूर राहून स्वतःला घडविण्याची कुवत. राग-तालाचा वारसा जसा नोंदविता येतो तसा हा वारसा नोंदविता येत नाही, पण तो कमी मोलाचाही नाही.

स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे सरोवराकाठी १९९६ मध्ये फ्रेडीचा पुतळा उभारण्यात आला. फेल्टमच्या घरावर २०१६ मध्ये स्मृतिफलक लागला. झांझिबारमध्ये २०१९ मध्ये त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. २०२३ मध्ये लंडनमध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा त्याचा पियानो सतरा लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. सेंट पीटर्स शाळा पाचगणीत आजही सुरू आहे. ती मुलांची निवासी शाळा असल्याने चाहत्यांनी परवानगीशिवाय आवारात शिरू नये, हे सांगणे अगत्याचे आहे. ‘द हेक्टिक्स’च्या काळाचे प्रत्यक्ष साक्षीदार आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी, शाळेची जुनी नियतकालिके, कार्यक्रमपत्रिका आणि छायाचित्रे यांची पद्धतशीर जपणूक झाली, तर सातारा जिल्ह्याच्या इतिहासातील हे पान परदेशी पुस्तकांतील दोन-चार ओळींवर अवलंबून राहणार नाही.